सातवं प्रकरण

तिच्या पहिल्यावहिल्या कादंबरीला प्रकाशकाचा होकार आला आणि आनंद व्हायचा सोडून ती घाबरलीच. कादंबरीतली खाष्ट म्हातारी म्हणजे नखशिखान्त सासूबाई होत्या, आणि सासूबाई छापलेलं काही सोडत नसत; रोज तास-दोन तास पेपरात तोंड खुपसून बसायच्या. फोन मात्र फक्त उचलायचा आणि ठेवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. आठ दिवस घरभर येरझाऱ्या घालून शेवटी तिने प्रकाशकाला नकार कळवला आणि स्वतःच ई-बुक काढून मोकळी झाली.

पुढच्याच आठवड्यात सासूबाई फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"बरं केलंस हो, ई-बुक काढलंस. वर्ष झालं, छापील अक्षर मला दिसतच नाही. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून पेपर नुसता तोंडासमोर धरून बसते. यात कसं, लेकाने अक्षर हे एवढं मोठं करून दिलं. कालच संपवली."

हातातलं पातेलं कुठे ठेवावं, तेच तिला सुचेना.



"एकच सांग. सातव्या प्रकरणात मी गेले, तेव्हा घरात कुणीच कसं रडलं नाही गं?"