धापेचा मान

शरयूची धाप दारातूनच ऐकू आली आणि मंगळावरच्या भोजनगृहात सगळे तिला जागा द्यायला उठले. कुंदाचा नवरासुद्धा! बायकोसाठी कधी जागचा हलला नव्हता मेला. कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला.

इथे प्रत्येकाच्या नाकाला हवेची नळी असे. प्रशासकाविरुद्ध मत दिलं, की त्या नळीतली हवा कमी होई. कुंदा दरवेळी मुकाट्याने त्याच्याच बाजूने मत देई आणि छातीभर श्वास घेई.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम धापा टाकतच आत शिरली. सगळे चपापले. सर्वांआधी शरयूच उठली. टेबलाचा आधार घेत म्हणाली, "बसा वहिनी... सुरुवातीला फार जड जातं."

कुंदा बसली. भरल्या नळीतून तिला श्वास घेववेना.