रिकाम्या पोर्टचा दिवा

खंडेनवमीला टेंभी नाक्याजवळच्या त्या ऑफिसात सगळी मशीन्स बंद ठेवून त्यांची पूजा व्हायची. सलिलला नेमका हाच दिवस हवा होता. नेटवर्कला काय काय जोडलंय ते शोधणारं त्याचं स्कॅनर सॉफ्टवेअर आठवडाभर एकाच जागी येऊन बंद पडत होतं, आणि आज तो हात धुऊन त्याच्या मागे लागला होता.

"वर्षभर ज्याला राबवलं, त्याला आज हात जोडायचे असतात," तबकात फुलं मांडत त्याची सहकारी विनिता म्हणाली. "लॅपटॉपला विश्रांती दे रे."

"कारण सापडलं की देतो."

आतल्या खोलीत जाऊन त्याने, ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले होते त्या नेटवर्क स्विचमधून एकेक वायर उपसली. स्कॅनर दर वेळी तिथेच बंद पडलं. शेवटी फक्त त्याच्या लॅपटॉपची वायर उरली, तेव्हा कुठे ते शेवटपर्यंत चाललं. स्क्रीनवर आलं, लॅपटॉपशिवाय आणखी एक मशीन चालू आहे.

स्विचच्या कोपऱ्यातल्या एका रिकाम्या पोर्टचा, वायर नसलेल्या खोबणीचा, हिरवा दिवा लुकलुकत होता.

सलिलने दात-ओठ खात त्या पोर्टवर बोट दाबून धरलं आणि पुन्हा स्कॅन केलं. मशीन गायब.

"सापडलास," तो पुटपुटला.

तबक घेऊन विनिता दारात आली. "चल, तुझ्या लॅपटॉपपासूनच सुरुवात करू. थांब, कुंकू भिजवायचं राहिलंय."

सलिलने बोट काढलं.

बोटाच्या टोकाला ओलं कुंकू लागलं होतं, आणि त्यावर एक अक्षता चिकटली होती.