काचेपलीकडच्या तिघी

बारावीनंतर काचेपलीकडे आपलीच तीन भविष्यं बघायची, त्यांच्याशी बोलायचं आणि मगच फॉर्म भरायचा, हा आता रिवाजच झाला होता. ऋजुतासमोर पन्नाशीतल्या तीन ऋजुता आल्या: डॉक्टर, वकील, उद्योजिका.

तिने प्रश्नांची यादी काढली. पण तिघींपैकी एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही. त्या तिच्या शेजारी बसलेल्या आईकडे डोळे भरून बघत उभ्या राहिल्या.

आईने सवयीने डबा उघडला. "खाणार का गं?"

"थालीपीठ!" डॉक्टर कुजबुजली. वकील काचेजवळ सरकली.

"मी सतरा शहरांत विकते," उद्योजिका काचेला हात टेकून म्हणाली, "पण ही चव नाही जमली. विचारायचं राहूनच गेलं, आई."

ऋजुताने वळून आईकडे पाहिलं. तिने फॉर्म उलटा करून कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"आई, भाजणीचं प्रमाण सांग."