वीस मिनिटं यंत्राशिवाय

शिडीवरून पडून वायरमनची मान मोडली आणि श्वास यंत्राच्या स्वाधीन झाला. “उगाच कष्ट घेऊ नका, श्वास परतायचा नाही,” असं सांगून फिजिओथेरपिस्टबाईंनी दोन महिन्यांतच व्यायाम थांबवला होता. वर्षभरानंतर बायकोने त्याला तपासणीला आणलं आणि स्वतःच गळ्यातली नळी यंत्रापासून सोडवली. बाई घाबरून पुढे धावल्या. पण त्याची छाती हळूहळू वर आली, खाली गेली. वीस मिनिटं झाली. “उरल्यासुरल्या नसांनाही श्वास शिकवता येतो, असं सुरुवातीला तुम्हीच सांगितलं होतंत. मग रोज शिकवला,” ती म्हणाली. “पण मीच थांबवलं होतं,” बाई पुटपुटल्या. “तुम्ही त्या दिवशी फार दमला होतात, बाई. मी ते मनावर घेतलंच नाही.” बाईंना तिच्याकडे पाहवेना. ती दोघं गेल्यावर, ‘श्वास परतायचा नाही’ हेच वाक्य ऐकून घरी गेलेल्या आणखी चौघांच्या फायली त्यांनी कपाटातून काढल्या.