बेहड्याला वळसा

"हे झाड उद्याच तोडायचं," गोल्फ क्लबचे अध्यक्ष जगदाळे साहेब स्टिक रोखून म्हणाले. पाचव्या होलच्या वाटेत मधोमध उभ्या असलेल्या त्या बेहड्यावर दर रविवारी त्यांचा चेंडू आपटून झुडपात जायचा.

या गोल्फ कोर्सचा आराखडा ऋताचा होता आणि तो बेहडा तिनं मुद्दाम राखला होता. "साहेब, किती वेळा सांगू? आधी डावीकडे आखूड मारायचं, तिथून होलवरचा झेंडा मोकळा मिळतो. या होलची सगळी गंमतच ती आहे."

"मी जन्मात कधी वळसा घेतला नाही. मी सरळच मारणार."

"उद्या झाड पडणारच आहे ना? मग आज एकदा तरी माझं ऐका!" चिडून तिनं त्यांच्या हातातली स्टिक काढून घेतली आणि पिशवीतली आखूड स्टिक त्यांच्या हातात कोंबली.

साहेबांनी तोंड वाकडं करत डावीकडे मारलं. तिथून झेंडा खरंच समोर होता. पुढचा फटका झेंड्याजवळ जाऊन पडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं ते होल एकही फटका वाया न जाता संपलं.

दोघं पुढे निघाले तोच मागच्या गटातल्या उपाध्यक्षांचा चेंडू बेहड्यावर खाडकन आदळला. पाठोपाठ त्यांची शिवीही ऐकू आली. साहेब थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"झाड राहू द्या," ते ऋताकडे झुकून कुजबुजले. "पण ते डावीकडचं कुणाला सांगू नका हं!"