सात कोऱ्या चौकटी

अ‍ॅपच्या तक्त्यात एक्केचाळीस नावे होती. चाळिसांसमोर रोजचा आकडा, नरहरकाकांसमोर सात कोऱ्या चौकटी. उदासी दहापैकी किती, एवढेच संपदा संशोधनासाठी रोज विचारत असे. काकू गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या काकांचे शेवटचे उत्तर होते नऊ. फोनही लागेना, तेव्हा ती स्कूटरने सोनागिरीत त्यांच्या घरी पोहोचली. तिसऱ्यांदा कडी वाजवल्यावर दार उघडले. काकांचे हात कणकेने माखले होते. “काका, नोंदी का थांबवल्या?” तिने दारातच विचारले. “फोन बिघडलाय. नोंदी कशाला थांबतील?” कारखान्यात तीस वर्षे शिफ्ट सांभाळलेल्या काकांनी लॉगबुक पुढे केले. तारीख, वेळ, आकडा, सही. तपासनिसाचा रकाना रिकामा. “सात दिवस तपासायला कुणी नाही. आमच्याकडे तुला मेमो मिळाला असता, पोरी.” संपदा उंबऱ्यावर बसली आणि सह्या करू लागली. पहिली नोंद आठ, आजची चार.