परांचीवरची करमणूक

"जेवताना फोन बंद म्हणजे बंद!" असं डॉक्टरांनी दटावलं आणि आमच्या दीड वर्षाच्या ठमीने तोंडाला कुलूपच लावलं. महिन्यात वजन पाव किलोने घटलं. माझा जीव टांगणीला!

मग एका दुपारी समोरच्या इमारतीला रंग देणारे दोघे काका तिच्या नजरेस पडले. परांचीवर उभं राहून ते ब्रश वरखाली फिरवत होते आणि बाईसाहेबांनी ते बघता बघता अख्खी वाटी चाटूनपुसून संपवली. देवच पावला! तेव्हापासून रोज बाराच्या ठोक्याला आम्ही मायलेकी वाटी घेऊन गॅलरीत हजर. तिकडे त्यांचा ब्रश वरखाली, इकडे घासागणिक माझं 'हा चिऊचा, हा काऊचा' करत ठुमकणं.

पण मला मेलीला सुखातही काळजी. समोरची भिंत एव्हाना आरशासारखी चकाकायला लागली होती. उद्या हे लोक गेले की ठमीचा पुन्हा उपास!

शेवटी न राहवून मी कठड्यावरून हाक मारली. "काका, अजून किती दिवस चालेल हो काम?"

"का ताई, वासाचा त्रास होतोय का?"

"छे हो! तुम्हाला बघितल्याशिवाय ही घासच घेत नाही. सावकाश होऊ द्या. हवं तर भिंतीला आणखी एक हात मारा."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. थोरल्या काकांनी ओशाळून मान खाजवली.

 

"ताई, हा चौथा हात चाललाय. काम दोन हातांतच संपलं होतं, पण तिला भरवताना तुम्ही जो नाच करता ना, तो बघितल्याशिवाय आम्हालाही डबा गोड लागत नाही."